आत्तापासून नऊ मिनिटं

विमानतळावर नोकरी करते म्हटलं की घाटकोपरच्या आमच्या चाळीत पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे हवाई सुंदरी का गं?" विचारणारी मग मला वरून खालपर्यंत बघायची आणि स्वतःच म्हणायची, "नाही, तशी वाटत नाहीस." माझं डोकं असं फिरायचं! मी सांगायचे, काकू, मी विमानात बसत नाही, मी विमानांना रांगेला लावते. त्यावर काकू खो खो हसायच्या. विमानांची कसली आली रांग, रेशनच्या दुकानासारखी?

अगदी तश्शीच. फक्त रेशनच्या रांगेत माणूस पिशवी घेऊन गप उभा राहतो, विमानाला उभं राहता येत नाही. धावपट्टी एक, उतरणार एका वेळी एक. चार एकदम आली तर एकाला आत घ्यायचं आणि बाकीच्यांना आकाशात एका ठरलेल्या जागी घिरट्या घालायला लावायचं, टिफिनचे डबे एकावर एक बसवावेत तसं, मध्ये हजार-हजार फुटांचं अंतर ठेवून. खालचं गेलं की वरचं एक पायरी खाली. आणि प्रत्येकाला आधी सांगून ठेवायचं की बाबा रे, तू अमुक मिनिटाला खाली निघायचंस. घड्याळातलं ते एक मिनिट म्हणजे आमचा सगळा धंदा. मध्येच रेडिओ बंद पडला, तर वैमानिक त्या एका मिनिटाच्या भरवशावर खाली येतो. वाट मोकळी आहे असं धरून येतो.

हे काम करायला परीक्षकाची सही लागते. आधी महिनोन् महिने शिकायचं, मग परीक्षा. परीक्षा कागदावर नाही, खऱ्या विमानांवर. परीक्षक शेजारी उभा, दुसरा हेडफोन कानाला लावून, तुमचा शब्दन् शब्द ऐकत. तो पास म्हणाला की त्या खुर्चीवर एकट्यानं बसायचं. तीनदा नापास झालं की खुर्ची विसरायची. मग नोकरीभर कागदांच्या खोलीत, वैमानिकांना हवामानाचे कागद देत बसा.

मी दोनदा नापास झाले होते.

आणि घरी बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे, गिरणी बंद पडली आणि हा माणूस घरी बसला. आमच्या चाळीवरूनच विमानं उतरायला जायची, इतकी खाली की बोलणं थांबवावं लागायचं. बाबा गॅलरीत उभे राहून वर बोट करायचे आणि जो कोण शेजारी असेल त्याला सांगायचे, "ही आमची पोरगी उतरवते." मी आतून ओरडायचे, "बाबा, अजून नाही! अजून परीक्षा आहे!" ते म्हणायचे, "हो गं, होशील." दीड वर्ष बिनकामाचा बसलेला माणूस, सांगायला त्याच्याकडे तेवढीच एक गोष्ट होती. ती मी कशी काढून घेणार?

परीक्षक सर कोकणातले. बुटके, अंगानं रुंद, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा. त्यांचा असा धाक की ते दारातून आत आले की खोलीतली माणसं खुर्चीत सरळ व्हायची. त्यांनी शिकवलेलं मी आजही विसरलेली नाही. पहिल्या परीक्षेत मी घाबरून अडखळले. ते ठीक होतं, मीच मला नापास केलं असतं. दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी मध्येच काहीतरी टोकलं आणि मी काम चालू असताना त्यांच्याशी वाद घातला. माझंच बरोबर होतं, आजही सांगते. ते म्हणाले, "आधी वरच्या विमानांशी बोल, मग माझ्याशी भांड." आणि शेरा लिहिला की उमेदवाराचं तोंड फार चालतं.

तिसऱ्या वेळी मी ठरवूनच गेले. तोंड उघडायचं ते फक्त विमानांशी. सर काहीही बोलोत, काहीही करोत, आपण मुकाट.

हिवाळ्यातली सकाळ होती. शहाऐंशीची असेल. चेंबूरकडून धुरकट थर आला होता आणि अर्धा तास काही दिसत नव्हतं म्हणून उतरणं थांबवलेलं. रडार त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद. म्हणजे पडद्यावर बघून काम करायचं सोडा, नुसता आवाज, घड्याळ आणि समोर कागदाच्या स्ट्रिपा. प्रत्येक विमानाची एक स्ट्रिप, ती खाचेत क्रमानं लावायची आणि तिच्यावर त्याची उंची आणि ते मिनिट लिहायचं. मी बसले तेव्हा वर चार विमानं फिरत होती. सर आले, मान हलवली, हेडफोन लावला.

आता घड्याळाचं सांगते, कारण सगळं तिथंच झालं. आमचं काम ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, जगभर सगळ्यांचंच. बहुतेक देशांत फरक पुऱ्या तासांचा, त्यामुळे तास बदलला तरी मिनिटं तीच. आपला फरक साडेपाच तासांचा. म्हणजे मनगटावर आठ वाजून दहा मिनिटं असतील तर भिंतीवर दोन चाळीस. मिनिटंच वेगळी. आणि रेडिओवर आम्ही तास बोलतच नव्हतो, नुसती मिनिटं. म्हणून शिकताना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, या खोलीत मनगटाकडे बघायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ, बस्स.

ते घड्याळ महिन्यापूर्वी खोलीला रंग दिला तेव्हा छताखालून काढून टेबलाच्या डाव्या बाजूच्या खांबावर लावलं होतं, डोळ्यांच्या उंचीला. छान दिसायचं. फक्त दुसऱ्या हेडफोनची वायर आखूड होती आणि तिचं भोकही डाव्याच बाजूला. त्यामुळे जो परीक्षक तिथं वायर खुपसून उभा राहील तो बरोब्बर घड्याळासमोर. आणि सर अंगानं रुंद, सांगितलंच.

पहिली काही मिनिटं ते मागे-पुढे होत होते, मला घड्याळ दिसत होतं. धुरकं विरलं. मी पहिल्याला चाळीसची वेळ दिली, दुसऱ्याला शेहेचाळीसची. पहिलं झकास निघालं. मग सर स्ट्रिपा बघायला पुढे वाकले आणि तिथंच स्थिर झाले. तेवढ्यात धावपट्टी सांभाळणाऱ्या टॉवरमधून फोन: एक विमान उडवायचंय मध्ये, तिसऱ्याला आत्तापासून नऊ मिनिटं द्या.

आत्तापासून. म्हणजे आत्ता किती वाजलेत ते बघायला हवं.

मी डावीकडे मान वळवली. समोर सरांचा पांढरा शर्ट. मी थोडी पुढे झुकले, शर्ट. मागे रेलले, शर्टच. एक वाक्य म्हणायचं होतं, "सर, जरा सरका." दोन शब्दही पुरले असते. बसमध्ये कंडक्टरला मी याहून जोरात सरकवलं होतं. चाळीच्या नळावर तर विचारूच नका. पण डोक्यात एकच चालू होतं, तोंड फार चालतं, तोंड फार चालतं, तोंड फार चालतं. आणि माझी मान आपोआप खाली गेली, मनगटाकडे. आठ तेरा. तेरा आणि नऊ बावीस.

मी बटण दाबून तिसऱ्याला सांगितलं, बावीसला निघ.

खरं तर तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात त्रेचाळीसावं मिनिट होतं. बावन्न म्हणायला हवं होतं. वरच्या वैमानिकाला बावीस ऐकू आलं, म्हणजे पुढच्या तासातले बावीस, म्हणजे अजून चाळीसेक मिनिटं घिरट्या. तो म्हणाला, एवढं थांबण्याइतकं इंधन नाही, मी अहमदाबादला जातो, वाट मोकळी करून द्या.

माझा पारा चढला! नऊ मिनिटं सांगितली तर याला अहमदाबाद आठवलं? नऊ मिनिटं थांबवत नाही? जा म्हटलं तुझ्या अहमदाबादला. पण जा म्हणणं एवढं सोपं नव्हतं. तो सहा हजार फुटांवर, त्याच्या डोक्यावर सात हजारावर चौथा. त्याला काढायचा तर चौथ्याला आधी हलवायला हवं, आणि खाली दुसरा अजून पाच हजारावर. मी त्याला थांब म्हटलं. सर काही बोलत नव्हते, म्हणजे सगळं बरोबर असणार, असं मला वाटलं. म्हणजे हा वैमानिकच आगाऊ.

चौथ्याची वेळ लिहायला मी पेन उचललं. बावीस अधिक सहा, अठ्ठावीस. स्ट्रिपवर टेकवलं आणि थांबले. वरून खाली रांग होती: चाळीस, शेहेचाळीस, बावीस. आणि आता मी लिहिणार होते अठ्ठावीस.

मी बटण दाबलं आणि म्हणाले, दुरुस्ती, बावन्न, पाच-दोन, चूक माझी. वर शांतता. एवढ्या वेळात तो वळला असेल का, चढायला लागला असेल का, चौथ्याच्या पोटात जाईल का, हे सगळं त्या शांततेत माझ्या डोक्यातून गेलं. मग तो म्हणाला, बावन्न असेल तर थांबतो. आणि हसल्यासारखं काहीतरी.

तो बावन्नला निघाला आणि नीट उतरला. चौथाही उतरला. कुणाला काही झालं नाही.

खाली कँटीनमध्ये सरांनी मला समोर बसवलं. त्यांनी विचारलं, "बावीस कुठून आले गो?"

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की सर, तुम्ही मध्ये उभे होता? परीक्षकाला, परीक्षेनंतर, तिसऱ्या वेळी? ते म्हणाले असते, झाली सुरुवात हिच्या तोंडाला. मला बाबा दिसत होते गॅलरीत, बोट वर केलेले. मी म्हणाले, "जीभ घसरली, सर."

ते म्हणाले, "घसरते. पण तुझी तू धरलीस आणि सगळ्यांदेखत कबूल केलीस. हे येत नाही पुष्कळांना." आणि खिशातून पेन काढून पास लिहिलं.

मी आनंदानं रडले की शरमेनं, ते मला त्या वेळी कळलं नाही. आता कळतं. बाबांनी चाळीत दारोदार जाऊन पेढे वाटले. काकूसुद्धा म्हणाल्या, विमानांची रांग असते बरं का, हिनं सांगितलेलं मला.

मी खुर्चीत बसायला लागले आणि काम मला आवडायला लागलं. काय सांगू, सकाळची गर्दी असते, आठ-नऊ विमानं चारी दिशांनी येतात आणि तुम्ही त्यांची अशी माळ लावता की एक धावपट्टी सोडतंय तोवर दुसरं टेकतंय. दुसरं काही सुचत नाही. मी एकटी बसायचे तेव्हा घड्याळ दिसायचं. म्हणून मी त्याच्याबद्दल कुणाला काही बोलले नाही. बोलायचं तर ते मला कसं कळलं हेही सांगावं लागलं असतं.

सहा महिन्यांनी माझ्याच बॅचच्या एकाची परीक्षा आली. कांदिवलीहून यायचा, दोन मुलींचा बाप, साधा माणूस. त्याचंही तिसऱ्यांदाच होतं. मी शेजारच्या टेबलावर टॉवरचा फोन सांभाळत होते. सर आले, वायर खुपसली, उभे राहिले. पांढरा शर्ट बरोबर घड्याळावर.

मला तेव्हाच उठायला हवं होतं. उठले नाही. म्हटलं, ते सरकतील. म्हटलं, तो काही माझ्यासारखा गप्प बसणार नाही. दहा मिनिटं मी त्याच्याकडे बघत होते, माझ्या कामाकडे नाही. वर पाच विमानं होती. त्याची मान एकदा डावीकडे गेली. परत आली. पुन्हा गेली. त्यानं बटण दाबलं आणि डावा हात किंचित वर उचलला, बाही मागे सरकवली.

"सर, सरका तिथून!"

मी एवढ्या जोरात ओरडले की दारातला शिपाई आत आला. त्याचं बटण दाबलेलंच होतं, त्यामुळे माझं ओरडणं पाचही विमानांत गेलं. एक वैमानिक इंग्रजीत म्हणाला, कळलं नाही, पुन्हा सांगा. सर दचकून बाजूला झाले. त्यानं घड्याळ बघितलं आणि बरोबर मिनिट सांगितलं.

परीक्षा संपली. सरांनी त्याला पास केलं, त्याच्याशी हात मिळवला. मग मला व्हरांड्यात बोलावलं.

"घड्याळ दिसणा नाय ह्यां तुका कसां कळला?"

मालवणीत बोलले म्हणजे रागावले नव्हते, हे मला माहीत होतं. त्यानंच मी खचले. सगळं सांगितलं. जीभ घसरली नव्हती सर, मी मनगट बघितलं होतं, तुम्ही मध्ये होता आणि माझी बोलायची हिंमत झाली नाही.

ते कठड्याला टेकले. "तरीच," म्हणाले. "त्या दिवशी तू बावीस म्हणालीस तेव्हा मी पण मनगटच बघितलं होतं. घड्याळाला पाठ होती ना माझी. मला पण बावीस बरोबर वाटलं." मग म्हणाले, "म्हणजे दोघंही चुकलो आणि तिसरा कुणी नव्हता तिथं."

मी म्हणाले, "सर, मी खोटं बोलले म्हणून पास झाले."

"खोटं बोललीस म्हणून नाही. चूक धरलीस म्हणून पास केली होती. सरका म्हणाली असतीस तरी केली असती. तोंड आसा मा तुका?"

झालं ते सगळं मी लेखी दिलं. तीन महिने खुर्चीवरून खाली आले, दुसऱ्या एका साहेबांनी परीक्षा घेतली, पास झाले. बाबांना सांगताना मला वाटलं होतं ते मोडून पडतील. ते म्हणाले, "मग तोवर कोण उतरवतं?" मी म्हटलं, दुसरे. "नीट उतरवतात ना?" हो. "मग झालं." आणि शर्ट घालून खाली चक्कर मारायला गेले. माझंच रडं थांबेना.

पण खरी शिक्षा मला झालीच नाही. सरांनीही लेखी दिलं होतं, कुणी मागितलं नसताना. ज्याच्या धाकानं दोन-दोन माणसं घड्याळ बघायची सोडून मनगट बघतात, त्यानं परीक्षा घेऊ नये, असं काहीतरी. वरच्या साहेबांनी समजावलं, हसण्यावारी नेलं, घड्याळ दुसरीकडे लावून दिलं. सरांनी ऐकलं नाही. पुन्हा कधी कुणाच्या शेजारी उभे राहिले नाहीत, शिकवायलासुद्धा. निवृत्त होईपर्यंत आपल्या पाळीला यायचे, आपली विमानं उतरवायचे, डबा खायचे, जायचे. त्यांच्यानंतर जे परीक्षक आले ते बरे होते. चांगले होते म्हणवत नाही मला. नंतरच्या मुलांना ते काम सरांकडून शिकायला मिळालं नाही, आणि का मिळालं नाही हे त्या मुलांना माहीतही नाही. मला माहीत आहे. त्या सकाळी मी तोंड उघडलं असतं, तर त्यांनी दोन पावलं बाजूला टाकली असती आणि पुढं काहीच झालं नसतं.